पान ११ कोरे होते: अंतर्गत परीक्षेतल्या एका संशयाची चौकशी

हे प्रकरण शिक्षकांच्या आणि चौकशी समितीच्या सदस्यांच्या अभ्यासासाठी रचलेले आहे. माणसे कल्पित आहेत. आकडेमोड मात्र खरी आहे. वाचकाने कॅल्क्युलेटर घेऊन ती स्वतः करून पाहावी, कारण निकाल बऱ्याच अंशी तिच्यावर ठरला.

स्थळ नाशिकमधल्या एका विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग. पदव्युत्तर पहिले वर्ष, दुसरे सत्र, फेब्रुवारीचा शेवट. ३० गुणांची अंतर्गत लेखी परीक्षा, वेळ दीड तास, विद्यार्थी ४६, सगळे एकाच खोलीत, एका बाकावर दोघे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. पर्यवेक्षक दोन.

सहाव्या दिवशी उत्तरपत्रिका तपासताना विषयाच्या शिक्षकांना दोन पेपर विलक्षण सारखे वाटले. विद्यार्थिनी अ आणि विद्यार्थी ब. शिक्षकांनी सहा जुळण्या टिपल्या: प्रश्न ३ मध्ये विचरण (आकडे किती पसरले आहेत याचे माप) काढताना ७ ऐवजी ८ ने भागणे, त्याच प्रश्नात बेरीज ३२७१, अंतिम उत्तर २.२४, प्रश्न २ मधली चुकीची व्याख्या शब्दशः सारखी, प्रश्न ५ मध्ये एकपुच्छ (फरक एकाच दिशेने तपासणाऱ्या) चाचणीला १.६४५ ऐवजी १.९६ वापरणे, आणि एका इंग्रजी शब्दाचे एकसारखे चुकलेले स्पेलिंग. ब हा अ च्या मागच्या बाकावर, किंचित उजवीकडे बसला होता.

सहा सारख्या चुका आणि पुढे-मागे बसलेले दोघे. एवढ्यावर संशय घेणे अगदी योग्य होते. बिघडले ते पुढच्या तासाभरात.

शिक्षकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावले. विभागप्रमुख तिथेच होते. "आत्ताच कबूल केलंत तर इथल्या इथे मिटवू, नाहीतर प्रकरण विद्यापीठात जाईल," असे सांगून दोघांकडून माफीपत्र लिहून घेतले. मजकूर सांगितला शिक्षकांनी आणि दोघांनी तो जसाच्या तसा उतरवला: "मी परीक्षेत गैरप्रकार केला, पुन्हा करणार नाही." त्यानंतर प्रकरण मिटले नाहीच. नवव्या दिवशी तक्रार लेखी झाली आणि माफीपत्रे तिला पुरावा म्हणून जोडली गेली.

महाविद्यालयांत आणि विभागांत हा प्रकार इतका सर्रास होतो की त्यात काही चुकते आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. आरोप काय हे लेखी सांगितलेले नाही, उत्तरपत्रिका दाखवलेली नाही, विचार करायला वेळ दिलेला नाही, आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात आपले गुण आहेत. अशा वेळी केलेल्या सहीवरून फक्त भीती कळते. अ ही सुरगाणा तालुक्यातली, शासकीय वसतिगृहात राहणारी मुलगी. प्रकरण वाढले तर निकाल अडकेल, निकाल अडकला तर महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडकेल, एवढाच हिशोब तिने त्या वेळी केला. तिने सही केली. पुढे चौकशीत तिच्याविरुद्ध काहीही निघाले नाही.

समितीने पहिल्याच बैठकीत दोन्ही माफीपत्रे बाजूला ठेवली आणि कार्यवृत्तात तशी कारणासह नोंद केली. ती फाडून टाकली नाहीत. कागद नष्ट केला की पुढे त्याबद्दल कुणी काहीही म्हणू शकते.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापक, एक सदस्य संख्याशास्त्राचे पण हा विषय न शिकवणारे, तिसरा परीक्षा विभागाचा प्रतिनिधी. विषयाचे शिक्षक तक्रारदार असल्याने समितीत नव्हते. विभागप्रमुखांसमोर माफीपत्रे लिहून घेतली गेली होती, म्हणून तेही दूर राहिले. विद्यापीठ परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ मध्ये जास्तीत जास्त ५ जणांच्या समितीची तरतूद आहे. अंतर्गत परीक्षेची चौकशी विभाग किंवा महाविद्यालय पातळीवर सुरू होते, आणि ती कुठल्या पायरीला परीक्षा मंडळाकडे जाते हे त्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशात असते. समितीने कामाला हात घालण्याआधी तो अध्यादेश समोर ठेवावा. शिक्षेचे अधिकार तपासायचे राहून गेलेले आदेश अपिलात सर्वात आधी पडतात.

उत्तरपत्रिका कशा वाचल्या

समितीने फक्त दोन नव्हे, सगळ्या ४६ उत्तरपत्रिका मागवल्या. सगळ्या चौकशीत याहून उपयोगी निर्णय दुसरा नव्हता. दोनच पेपर शेजारी ठेवले तर प्रत्येक साम्य ठळक दिसते. तीच चूक उरलेल्या ४४ जणांपैकी किती जणांनी केली हे कळल्याशिवाय त्या साम्याला वजन किती द्यायचे ते ठरत नाही.

मोजणी केली तेव्हा ८ ने भागणारे १९ निघाले. चुकीची व्याख्या १४ पेपरांत, १.९६ हा आकडा ११ पेपरांत, आणि ते स्पेलिंग ९ पेपरांत. वर्गात फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्स मागवल्यावर चारही गोष्टी त्यात सापडल्या, स्पेलिंगसकट. म्हणजे सहापैकी चार जुळण्यांचे मूळ परीक्षेच्या खोलीत नव्हतेच, ते झेरॉक्सच्या दुकानात होते.

उरल्या दोन: बेरीज ३२७१ आणि उत्तर २.२४. पण या दोन वेगळ्या जुळण्या नाहीत. बेरीज चुकली की तिच्यावर उभे असलेले पुढचे सगळे आकडे चुकणारच. एका चुकीची पिल्ले वेगळी मोजली तर पुरावा उगाच दुप्पट-तिप्पट दिसतो. शिक्षकांच्या यादीत सहा जुळण्या होत्या, छाननीनंतर एक उरली.

ती एक मात्र वजनदार होती.

प्रश्न ३ मध्ये द्राक्षाच्या ८ घडांची वजने ग्रॅममध्ये दिली होती: ४१२, ३९८, ४३०, ४०५, ४२१, ३९०, ४१६, ४०८. सरासरी वजन ४०० ग्रॅम आहे हे गृहीतक ५ टक्के पातळीवर द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक पाहणाऱ्या) चाचणीने तपासायचे. बरोबर बेरीज ३२८०, सरासरी ४१०, विचलनांच्या (सरासरीपासूनच्या अंतरांच्या) वर्गांची बेरीज ११३४. तिला ७ ने, म्हणजे निरीक्षणांपेक्षा एकने कमी संख्येने, भागले की विचरण १६२, प्रमाण त्रुटी (विचरणाला ८ ने भागून घेतलेले वर्गमूळ) ४.५, आणि टी ची किंमत (४१० आणि ४०० मधला फरक भागिले प्रमाण त्रुटी) २.२२. तक्त्यातली किंमत २.३६५, टी तिच्याहून कमी, म्हणून गृहीतक नाकारता येत नाही. नोट्सप्रमाणे ८ ने भागले तर टी २.३८ येतो, आणि निष्कर्षच उलटतो. १९ पैकी १७ जणांचे तसेच झाले होते.

अ आणि ब या दोघांचेच उत्तर २.२४ होते. अ च्या तक्त्यात पाचवे निरीक्षण ४२१ ऐवजी ४१२ असे उतरले होते. अंकांची अदलाबदल, घाईत कुणाचीही होते. त्यामुळे बेरीज ३२७१, सरासरी ४०८.८७५, वर्गांची बेरीज १००६.८७५, आणि ८ ने भागून टी २.२४. दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ सावरून घेतले. फक्त शेवटचे उत्तर पाहणाऱ्याला २.२२ आणि २.२४ मधला फरक पूर्णांकनाचा वाटला असता. अ चा पेपर चुकीचा होता, पण आतून सुसंगत होता: तिच्या ४१२ वरून तिचे पुढचे सगळे आकडे निघत होते.

ब च्या तक्त्यात पाचव्या ओळीला ४२१ होते, म्हणजे बरोबर. तरी बेरीज ३२७१. त्याच्या तक्त्याची पहिली ओळ अशी होती: ४१२, विचलन ३.१२५, वर्ग ९.७७. पाचवी ओळ: ४२१, विचलन ३.१२५, वर्ग ९.७७. दोन वेगळ्या संख्यांचे सरासरीपासूनचे अंतर एकच. ४२१ चे विचलन १२.१२५ यायला हवे होते. म्हणजे निरीक्षणे प्रश्नपत्रिकेवरून उतरवली गेली आणि आकडेमोड दुसऱ्या कुठल्यातरी तक्त्यावरून.

कुणी कुणाचे पाहिले याची दिशा अशा ठिकाणी कळते. सारखी चूक दोन्ही पेपरांत असते, तिच्यावरून फक्त संबंध कळतो. आपल्याच आकड्यांशी न जुळणारी आकडेमोड ज्याच्या पेपरात आहे, तो घेणारा.

समितीच्या संख्याशास्त्राच्या सदस्याने पुढे दोन्ही पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, खोडलेल्या ओळींसह वाचले. त्यात शिक्षकांच्या यादीत नसलेली एक गोष्ट हाती लागली. अ ने प्रश्न ४ चे उत्तर अर्धे लिहून जागा संपल्यावर "उर्वरित उत्तर पान ११ वर" असे लिहिले होते, आणि तिच्या पान ११ वर ते होते. ब च्या प्रश्न ४ च्या खालीही हीच ओळ होती. त्याच्या उत्तराखाली अर्धे पान मोकळे होते, आणि पान ११ कोरे होते.

शिक्षक चूक शोधत होते, आणि ही ओळ चूक नव्हती, म्हणून ती त्यांच्या नजरेतून सुटली. उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहणारी तपासणी अशा खुणा गाळते. शीर्षकांचा क्रम, खोडून पुन्हा लिहिलेला शब्द, बाणाने दाखवलेली सुधारणा, पानाचा उल्लेख: वर्गात फिरणाऱ्या नोट्समध्ये या गोष्टी नसतात, म्हणून त्यांचे वजन जास्त.

नोटीस आणि सुनावणी

शिक्षकांनी तयार केलेला नोटिशीचा मसुदा असा होता: "तुम्ही परीक्षेत कॉपी केल्याचे आढळले आहे. तुमच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा." निकाल आधीच लागलेला, आणि नेमके काय केले ते कुठेच नाही. समितीने तो बदलला. नव्या नोटिशीत परीक्षेचे नाव आणि वार, कुठल्या प्रश्नात कुठल्या ओळीबद्दल शंका आहे, त्या पानांच्या छायाप्रती, लागू नियमाचा क्रमांक, जास्तीत जास्त होऊ शकणारी शिक्षा, लेखी म्हणणे देण्यासाठी सात दिवस, सुनावणीची वेळ आणि जागा, सोबत एक व्यक्ती आणण्याची मुभा, एवढे होते. दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव आणि आसनक्रमांक छायाप्रतींवर झाकला होता. नोटीस मराठीत होती. मूळ मसुदा इंग्रजीत होता, आणि ज्या भाषेत मुलाला स्वतःची बाजू नीट मांडता येत नाही त्या भाषेत आरोप कळवणे म्हणजे अर्धी संधी काढून घेणे.

दोघांना नोटीस बाराव्या दिवशी निघाली. सुनावणी एकोणिसाव्या दिवशी. अ आली, ब आला नाही.

एका सदस्याने एकतर्फी निर्णयाचा आग्रह धरला. अध्यक्षांनी आधी नोटीस पोहोचल्याची नोंद मागितली. ती स्पीड पोस्टने ब च्या नाशिकमधल्या खोलीच्या पत्त्यावर गेली होती आणि परत आली होती. ब निफाड तालुक्यातल्या आपल्या गावी होता, घरच्या द्राक्षबागेत काढणी सुरू होती. नोटिशीची बातमी त्याला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरून कळली होती, पण मजकूर मिळालेला नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड आणि दिंडोरीकडच्या कितीतरी मुलांचे असेच असते, आणि नाशिकच्या कुठल्याही विभागाला हे ठाऊक असायला हवे. नोटीस पुन्हा काढली: गावच्या पत्त्यावर, नोंदणीकृत ईमेलवर, आणि विभागात आल्यावर हातात देऊन पोच घेऊन. नवी तारीख चोविसाव्या दिवसाची. त्या तारखेलाही तो आला नसता तर एकतर्फी निर्णय योग्य ठरला असता.

या सगळ्याला आधार जुना आहे. उत्तर प्रदेश बोर्ड विरुद्ध घनश्यामदास गुप्ता (१९६२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गैरप्रकाराबद्दल शिक्षा करणारी परीक्षा समिती न्यायिकवत, म्हणजे न्यायालयासारखे, काम करते, म्हणून विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकणे तिला बंधनकारक आहे. त्याच बोर्डाच्या बागलेश्वर प्रसाद प्रकरणात एकसारख्या चुकीच्या उत्तरांवरून काढलेला निष्कर्ष न्यायालयाने टिकवला, कुणी प्रत्यक्ष पाहिलेले नसतानाही. आणि महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध के. एस. गांधी (१९९१) मध्ये स्पष्ट झाले की अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचा कल, म्हणजे कोणती बाजू अधिक शक्य दिसते एवढे, पुरेसा असतो. पहिला निकाल विद्यार्थ्याच्या बाजूचा आणि पुढचे दोन संस्थेच्या बाजूचे, असे वाचणे चुकीचे आहे. पुराव्याची पातळी खाली आहे, म्हणूनच ऐकून घेण्याची जबाबदारी जास्त आहे.

दोघांची सुनावणी वेगळ्या दिवशी झाली, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी घातले गेले नाही. अ ला तिचीच उत्तरपत्रिका देऊन प्रश्न ३ समजावून सांगायला सांगितले. तिने ८ ने भागण्याचे कारण नोट्समधले सांगितले, तक्ता स्वतः पुन्हा मांडला, आणि पाचव्या ओळीशी येताच स्वतःच म्हणाली, "मॅडम, हा आकडा मी उलटा लिहिलाय."

ब चा खुलासा विचार करण्यासारखा होता. त्याच्या मते कागदावर ४२१ लिहूनही कॅल्क्युलेटरवर चुकून ४१२ दाबले गेले. हे अशक्य नाही. संख्याशास्त्राच्या कॅल्क्युलेटरमध्ये निरीक्षणे एकदाच भरतात, त्यामुळे एक चुकीची नोंद बेरजेपासून विचरणापर्यंत सगळीकडे जाते. समितीने त्याचा कॅल्क्युलेटर पाहिला. तो साधा होता, आकडे साठवणारा नव्हता. म्हणजे बेरजेच्या वेळी एकदा आणि विचलनाच्या वेळी पुन्हा, त्याच निरीक्षणाला तीच अदलाबदल व्हायला हवी होती, तीही नेमकी समोरच्या बाकावरच्या पेपरात झालेली. तरीही समितीने एवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. पान ११ बद्दल विचारले तेव्हा ब ने सांगितले की पुढे लिहायचा विचार होता, वेळ संपला. मग उत्तराखालचे अर्धे पान मोकळे का, याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याने कबुली दिली नाही, आणि समितीने ती मागितलीही नाही. प्रश्नोत्तरे त्याच्या शब्दांत लिहून, वाचून दाखवून, प्रत्येक पानावर सही घेतली आणि एक प्रत त्याला दिली.

पर्यवेक्षकांचेही जबाब झाले. दोघांपैकी एक पुरवण्या आणायला परीक्षा विभागात गेले होते आणि वीस मिनिटे खोलीत एकच पर्यवेक्षक होते. सीसीटीव्ही फुटेज मागितले दहाव्या दिवशी. त्या यंत्रात सात दिवसांचेच चित्रण राहत होते. संशय आला त्या सहाव्या दिवशी माफीपत्रांऐवजी फुटेज मागितले असते तर ते मिळाले असते. हे दोन्ही दोष संस्थेचे, आणि अहवालात ते तसेच लिहिले गेले.

जे पुराव्यात घेतले नाही

सुनावणीच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी आणखी दोन कागद दिले: ब च्या गृहपाठाचा ३४ टक्के साम्य दाखवणारा अहवाल, आणि तोच गृहपाठ एआयने लिहिला असावा असे सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचा निकाल. दोन्ही नाकारले गेले. नोटिशीत गृहपाठाचा उल्लेखच नव्हता, आणि नोटिशीबाहेरचा आरोप सुनावणीत आणता येत नाही. हे कारण एकटेच पुरेसे होते.

पण टक्क्यांबद्दलचा गैरसमज जुना आहे म्हणून अहवालात दोन परिच्छेद जास्त लिहिले. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांतल्या १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. गृहपाठ, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. गृहपाठावर त्या पायऱ्या लावून शिक्षा केली तर ती टिकणार नाही. एआय ओळखणाऱ्या साधनांचे तर त्याहून अवघड. ओपनएआयने स्वतःचे असे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतले. कंपनीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे ते एआयच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला चुकून एआयचा ठरवत होते. ४६ जणांच्या प्रामाणिक वर्गात त्या दराने चार मुले दोषी दिसतील. शंका असेल तर विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच गृहपाठावर पंधरा मिनिटे प्रश्न विचारावेत.

आदेश

अ विरुद्ध कोणताही पुरावा नाही. पेपर दाखवल्याचा आरोप करायचा तर तिला माहीत होते हे दाखवावे लागते, आणि दीड हात अंतरावर, किंचित वरून दिसणारा पेपर मागच्याने पाहिला तर पुढच्याला कळतेच असे नाही. "दोघेही थोडेथोडे दोषी" हा सोयीचा मधला मार्ग समितीत चर्चेला आला आणि सोडून दिला गेला. तिचे गुण तपासणीप्रमाणे कायम राहिले.

ब बद्दल प्रश्न ३ आणि ४ मध्ये पाहून लिहिल्याचा निष्कर्ष निघाला. शिक्षेवर मतभेद झाला. एका सदस्याच्या मते फक्त त्या दोन प्रश्नांचे गुण शून्य करावेत. बाकी दोघांचे मत असे की एका प्रश्नात चुकून नजर गेली असे म्हणता येईल, दोनमध्ये नाही, म्हणून पूर्ण ३० गुणांची परीक्षा शून्य. पण पहिलीच वेळ, मोबाइल किंवा चिठ्ठी नाही, आधी ठरवून केल्याची खूण नाही, म्हणून सत्रान्त परीक्षेला बसण्याची मनाई नाही आणि गुणपत्रिकेवर शेरा नाही. वेगळे मत आदेशाला जोडले गेले. प्रत्येक निष्कर्षाखाली त्याचे कारण लिहिले होते, आणि शेवटी अपिलाची मुदत: आदेश हाती पडल्यापासून १५ दिवस.

आदेश तिसाव्या दिवशी निघाला. ब ने अपील केले, शिक्षा कमी करण्यापुरते. अपिलात तिन्ही सदस्यांचे मत वाचून शिक्षा कायम राहिली.

अ ला वेगळे पत्र गेले. त्यात तिच्याविरुद्धची तक्रार निराधार ठरली एवढेच नव्हे, तर सहाव्या दिवशी लिहून घेतलेले माफीपत्र रद्द समजावे आणि त्याची प्रत तिच्या कोणत्याही नोंदीत राहणार नाही असेही लिहिले होते. मूळ कागद चौकशीच्या सीलबंद पाकिटात राहिला. पत्राची एक प्रत शिष्यवृत्ती कक्षाला त्याच दिवशी हातोहात पोहोचवली गेली, कारण नूतनीकरणाचा तिचा अर्ज तोवर "गुण प्रलंबित" म्हणून थांबलेला होता.